जबाबदार प्रौढ

जहाज अठरा मजली होतं. त्यावर बावीस लिफ्ट होत्या, सात पोहण्याचे तलाव होते, बर्फावर घसरायचा एक हॉल होता, चढायला खोटा डोंगर होता आणि फिरायला खोटी बाग होती. एवढं सगळं बसवता बसवता समुद्राला काही जागा उरली नाही, त्यामुळे तो बिचारा बाहेरच होता. जहाजाच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख एकदाच आला होता: 'समुद्रात कोणतीही वस्तू टाकू नये.'

पुस्तिका बासष्ट पानांची होती. जहाजावरच्या चार हजार पाहुण्यांपैकी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली एकाच बाईने. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नोकरी, त्यातली शेवटची एकोणीस मुलांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शेजारी, दूधवाला, पंखा दुरुस्त करायला येणारा माणूस, सगळ्यांच्या तोंडी सिस्टरच. औषधाच्या खोक्यात घड्या घालून ठेवलेली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी पुरती वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला चमचाभर औषध पाजलं नव्हतं. बासष्ट पानं म्हणजे त्यांना दुपारचा विरंगुळा होता.

या सहलीमागे एक चित्र होतं. मुलांच्या वॉर्डातल्या ड्यूटीरूमला खिडकी नव्हती. खिडकी असायला हवी होती त्या जागी सिस्टरनी एका औषध कंपनीच्या कॅलेंडरचं पान लावलं होतं. दोन्ही बाजूंना उंच काळे कडे, मधून चिंचोळं पाणी आणि त्या पाण्यातून येणारं पांढरं जहाज. वर्ष संपलं, कंपनीही बंद पडली, पण पान तिथेच राहिलं. वॉर्डात एखादं मूल गेलं की सिस्टर आत येऊन त्या पानासमोर दोन मिनिटं उभ्या राहत, डोळे पुसत आणि पुढच्या बेडकडे जात. निवृत्तीच्या दिवशी नारिंगी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते त्यांनी कोणाला तरी देऊन टाकलं. पान मात्र टाचण्या काढून घरी आणलं.

तर एका रविवारी मुलगा घरी आला आणि म्हणाला, "आई, तुझं ते कॅलेंडर आठवतं? ते कडे खरोखरचे आहेत. हे मोठं फॅमिली जहाज चौथ्या दिवशी तिथूनच जातं. आम्ही सगळे तुला नेतोय. तुझ्यासाठी म्हणून. तू फक्त बॅग भर."

सिस्टरना भरून आलं. आपल्या पोराने ते पान कधी नीट पाहिलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी बॅग भरली. मग मुलाच्या दोन मुलांच्या बॅगा भरल्या, कारण सूनबाईला ऑफिसातून सुटायला उशीर होणार होता. मग मुलीच्या तान्हीची भरली, कारण मुलीला म्हणे काय काय लागतं ते आठवतच नव्हतं.

जहाजावर चढताना काउंटरवर प्रत्येकाच्या मनगटात एक रबरी पट्टा अडकवला. मुलगा, सूनबाई, मुलगी, जावई, चौघांना निळा. सिस्टरना पिवळा. शिवाय त्यांना कमरेला लावायचा एक पेजरही मिळाला. चौतीस वर्षं ज्याच्यापासून सुटका मिळावी म्हणून दिवस मोजले, ते यंत्र काउंटरवरच्या हसऱ्या मुलीने परत त्यांच्या हातात ठेवलं.

"पिवळा म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचा असेल," सिस्टरची मुलगी म्हणाली. "काहीतरी सवलत असेल गं आई."

पण पुढेच काठी टेकत चाललेले एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या मनगटात निळा होता.

मग खोल्या. मुलगा-सूनबाई आणि मुलगी-जावई यांच्या खोल्या तेराव्या मजल्यावर, समुद्राकडे गॅलरी असलेल्या. सिस्टरची खोली पाचव्या मजल्यावर, जहाजाच्या पोटात, आणि तिच्यात तिन्ही नातवंडांच्या बिछान्यांची सोय, तान्हीच्या पाळण्यासकट. "गॅलरीत मुलं म्हणजे धोका," मुलगा म्हणाला. "आणि त्यांना आजीशिवाय झोपच येत नाही," सूनबाई म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तर कोणाला लाजही वाटली नाही.

आतल्या खोलीला खिडकी नसते. पण कंपनी दयाळू होती. तिने भिंतीवर खिडकीच्या आकाराचा पडदा बसवला होता आणि त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसत असे. सिस्टरनी तो साधारण चार मिनिटं पाहिला. मग मुलांना त्याच्यावर कार्टून लावता येतं हे कळलं आणि समुद्राला रजा मिळाली.

पहिल्याच दुपारी मुलं झोपल्यावर सिस्टरनी टेबलाच्या खणातली पुस्तिका काढली. एकतिसाव्या पानावर त्यांना आपला पिवळा पट्टा सापडला. 'पिवळा पट्टा: मुलाची जबाबदार प्रौढ व्यक्ती. या व्यक्तीने पेजर सदैव जवळ बाळगावा आणि मुलापासून दहा मिनिटांच्या अंतरात राहावे. मुलाला क्लबमध्ये सोडणे, परत घेणे, औषध देणे यासाठी केवळ याच व्यक्तीची सही ग्राह्य धरली जाईल. पुढील डेक, वाचनालय व गरम पाण्याचा तलाव ही केवळ निळ्या पट्ट्यांसाठीची शांत ठिकाणे आहेत.' आणि खाली कंसात, लहान अक्षरांत: एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन मुले, प्रत्येक मुलामागे पट्ट्यावर एक ठिपका.

सिस्टरनी आपल्या पट्ट्यावरचे ठिपके मोजले. तीन होते. कोटा भरला होता.

काय झालं असेल ते ओळखायला त्यांना फार डोकं लावावं लागलं नाही. फॉर्म मोबाइलवर भरायचे होते. 'जबाबदार प्रौढ' अशी एक चौकट होती. मुलाने आपल्या घरी सोफ्यावर बसून त्यात लिहिलं: आई. त्याच संध्याकाळी मुलीने आपल्या घरी सोफ्यावर बसून लिहिलं: आई. एकमेकांना दोघांनी विचारलं नाही, आणि आईला तर विचारायचा प्रश्नच नव्हता. ती असणारच होती ना तिथे. या घराची ही जुनी पद्धत. कुठलंही काम निघालं की सगळे मान डोलावतात, 'करेल कोणीतरी' म्हणतात आणि निवांत होतात. त्या कोणीतरीला मग पहाटे उठावं लागतं.

राग आला. चांगलाच आला. पण सहल त्यांच्यासाठी होती ना, मग सहलीत तोंड वाकडं कसं करायचं? चौथ्या दिवसापर्यंत कोणाला तरी चित्राची आठवण होईल, असं मनाशी धरून त्या मूग गिळून गप्प बसल्या.

तीन दिवस त्या जहाजावरच्या सोयींचा लाभ घेत होत्या. मुलांचा क्लब होता, उत्तम होता, पण तीन वर्षांवरच्यांसाठी आणि लंगोट सुटलेल्यांसाठी. तान्हीसाठी 'बालविश्व' नावाची खोली होती, तिथे जबाबदार प्रौढाने सोबत बसायचं. खुर्च्या बाळांच्या मापाच्या. सिस्टर सकाळी दोन तास गुडघे हनुवटीला लावून त्यावर बसत. तलावाचा नियम असा की लंगोट लावलेल्या बाळाला पाण्यात प्रवेश नाही, आणि लंगोट न लावलेल्या बाळालाही नाही. घसरगुंडीला एकशे वीस सेंटिमीटर उंची हवी. मुलाची थोरली, आठ वर्षांची, जिला सगळे चिमणी म्हणत, ती एकशे अठरा भरली आणि तिथून पुढे वाढली का ते मोजायला आजीला दिवसातून दोनदा नेऊ लागली. तिचा भाऊ पाच वर्षांचा. दुधावर जगतो म्हणून त्याचं नाव बोका. त्याला बोळकांडीत हरवायची हौस होती, आणि हरवला की पेजर वाजे. जेवणाच्या हॉलच्या दाराशी दोन माणसं गाणं म्हणत सगळ्यांना हात धुवायला लावत. एवढा एकच नियम सिस्टरना मनापासून आवडला.

बाकीचे चौघे तिकडे विश्रांती घेत होते. जावयांचं एकच काम होतं, खुर्ची. तलावाकाठी सकाळी सातला टॉवेल टाकून खुर्ची धरायची आणि अर्ध्या तासाच्या आत परत येऊन ती आपलीच आहे हे सिद्ध करायचं, कारण अर्ध्या तासाने कर्मचारी टॉवेल उचलतात. दिवसभर ते खुर्ची आणि खाण्याचं टेबल यांच्यात धावत असत. इतकं कष्टाळूपण सासूबाईंनी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दाराखालून दिवसाचं पत्रक आलं. 'आज सायंकाळी पाच वाजता जहाज कड्यांच्या खिंडीतून जाईल. सर्वोत्तम दृश्य: पुढील डेक. बाजूचे डेक सुरक्षेसाठी बंद राहतील. पालक व मुलांनी मागील डेकवरून आनंद घ्यावा.' मागच्या डेकवरून कडे दिसतात हे खरं, पण आपण त्यांच्यातून निघून गेल्यावर. परतीचा मार्ग वेगळा होता. म्हणजे पाच ते सव्वापाच, एवढंच.

नाश्त्याला सगळे जमले. बोक्याच्या नाकाखालची दुधाची मिशी पुसत सिस्टर म्हणाल्या, "आज पाचला मला पुढच्या डेकवर जायचंय. मुलं कोण घेतंय?"

चौघांचेही हात एकदम फळांच्या बशीकडे गेले.

"पाचला?" मुलगा म्हणाला. "साडेचारला माझं डोंगर चढायचं बुकिंग आहे गं."

"माझं केसांचं आहे, आई," सूनबाई म्हणाली. "दोन दिवस थांबून मिळालंय. तुम्हाला म्हणाले होते ना मी?"

मुलीने 'मातांसाठी पूर्ण विसावा' नावाचा नव्वद मिनिटांचा कार्यक्रम घेतला होता. जावई खुर्चीबद्दल काहीतरी बोलले आणि मिठाची बाटली निरखू लागले.

"पण आई, तू जा की," मुलगी म्हणाली. "मुलांनाही घेऊन जा, त्यांनाही बघू दे."

सिस्टरनी पर्समधून पुस्तिका काढली, एकतिसावं पान उघडलं आणि लोण्याच्या वाटीला टेकवून उभं केलं. चौघांनी वाचलं. आधी कोणाला काही उमगलं नाही. मग मुलीने आईच्या मनगटाकडे पाहिलं, ठिपके मोजले आणि भावाकडे वळली.

"तू तुझी दोन्ही मुलं आईच्या नावावर टाकलीस? अरे, तिला आराम द्यायला आणलंय ना आपण!"

"आणि तुझी कोणाच्या नावावर आहे? कॅप्टनच्या?"

"माझी लहान आहे!"

"म्हणजे जास्तच काम!"

दोघंही आईच्या बाजूने इतक्या तळमळीने भांडत होती की आईला मधे बोलायला जागाच मिळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "तेहतिसावं पान. जबाबदारी बदलायला मुलासोबत काउंटरवर यायचं. आई किंवा बाप, कोणीही एक चालतं. काउंटर साडेचारला बंद होतं."

"येतो ना!" मुलगा म्हणाला. "अगदी चारला."

"चारला नक्की," मुलगी म्हणाली. सूनबाईने आणि जावयांनीही माना डोलावल्या. चार माणसांनी शब्द दिला. सिस्टरना खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

साडेतीनला त्या काउंटरपाशी हजर होत्या. ड्यूटीला आधी पोचायची सवय हाडात मुरलेली. तान्ही कडेवर, बोका हाताला, चिमणी पुढे. पर्समध्ये ते कॅलेंडरचं पान होतं, घड्या पडू नयेत म्हणून गुंडाळी करून. काउंटरच्या मागे घड्याळ होतं. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. रांगेतली माणसं पुढे सरकत गेली. चार दहा.

कोणी आलं नाही. मुलाला वाटलं असणार सूनबाई जाईल, सूनबाईला वाटलं असणार मुलगा जाईल. मुलीला वाटलं जावई जातील. जावयांना काही वाटलं असेल अशी सिस्टरची अपेक्षा नव्हती.

चौसष्टाव्या वर्षी, तीन पोरं अंगावर लटकलेली असताना, एका परक्या काउंटरपुढे आपल्याला रडू येतंय, याचाच त्यांना जास्त संताप आला. "आजी, तू रडतेस?" बोक्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. सिस्टरनी नाक पुसलं आणि काउंटरवरच्या हसऱ्या मुलीला म्हणाल्या, "चौतिसावं पान काढा."

"मॅडम?"

"'जबाबदार प्रौढ व्यक्ती जबाबदारी सोडू इच्छित असल्यास व मुलाचे आईवडील जहाजावर असल्यास, त्यांना ध्वनिक्षेपकावरून बोलावण्यात येईल.' बोलवा."

मुलगी हसरीच राहिली, कारण हसणं तिच्या नोकरीत होतं. "मॅडम, ते आपण फक्त आणीबाणीत वापरतो."

"असं कुठे लिहिलंय?"

मुलीने पान वाचलं. मग पान उलटून मागेही पाहिलं. तसं कुठेच लिहिलं नव्हतं.

चार वाजून बारा मिनिटांनी अठराच्या अठरा मजल्यांवर, तलावांवर, खोट्या डोंगरावर आणि 'पूर्ण विसाव्या'च्या अंधाऱ्या खोलीतही गोड आवाजात घोषणा झाली. "खोली क्रमांक तेराशे चार आणि तेराशे सहा येथील पालकांनी लक्ष द्यावे. आपली मुले काउंटरवर आपली वाट पाहत आहेत. आपण यांचे पालक आहात याची कृपया नोंद घ्यावी." शेवटचं वाक्य पुस्तिकेतच तसं होतं.

आठ मिनिटांत चौघं आले. मुलगा हेल्मेट घालून, कमरेला दोर लोंबत. सूनबाईच्या डोक्यावर चंदेरी कागदाच्या पुड्याच पुड्या. मुलगी पांढऱ्या झग्यात, तोंडाला हिरवा लेप. जावई टॉवेल घेऊन. खुर्ची गेली होती.

"आई, काय हे! अख्ख्या जहाजाला ऐकू गेलं!" मुलगा धापा टाकत म्हणाला. "दे इकडे, कुठे सही करायची?"

इथे घाई करता आली असती. घड्याळात चार वीस झाले होते. पण सिस्टरच्या वॉर्डात एक रीत होती. पाळी संपली की नुसती सही करून कोणी घरी जायचं नाही. प्रत्येक बेडपाशी उभं राहून, पुढच्या माणसाला तोंडी सगळं सांगून, त्याच्याकडून परत वदवून घेऊन मग चार्ज द्यायचा. एकदा एका नव्या नर्सने गडबडीत चार्ज घेतला होता आणि सकाळी एका मुलाचा बेड रिकामा होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सिस्टरनी अर्धा चार्ज कधी दिला नाही. कडे गेले तरी चालतील, अर्धा चार्ज नाही.

"बेड नंबर एक," त्यांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला. "वय आठ. खालचा डावा दात हलतोय, कडक काही द्यायचं नाही. घसरगुंडीच्या मापाला बुटात टिशू कोंबून दोनदा पकडली गेली आहे. तिसऱ्यांदा आईबापांना समज देतात."

चिमणीने अभिमानाने जमिनीकडे पाहिलं.

"बेड नंबर दोन. वय पाच. संडासातल्या फ्लशला घाबरतो, तो बाहेर आल्यावर दाबायचा. लाल सरबत द्यायचं नाही, अंगावर गांधी उठतात."

"गांधी?" मुलगा म्हणाला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तेव्हा तुला फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतास."

मुलाने हेल्मेट काढलं. सूनबाई पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "मला तुम्ही सांगितलं होतं, आई. मी विसरले." ते ऐकून सिस्टरना तिची थोडी दया आली, पण दयेची ती वेळ नव्हती.

"म्हणून दाखवा दोघं. फ्लश कधी?"

"बाहेर आल्यावर," दोघं एकदम म्हणाली. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

"आई, लोक बघतायत," मुलगी हिरव्या तोंडाने कुजबुजली.

"बघू देत. बेड नंबर तीन. दूध किती?"

"दोनशे?"

"एकशे ऐंशी. वरचे वीस तुझ्या अंगावर परत येतात. आता नीट ऐक. हिचं रडणं तीन प्रकारचं. थांबून थांबून रडली, मधेच कानोसा घेतला, तर भूक. एका सुरात कुरकुरली तर झोप. श्वास कोंडला आणि मग एकदम उंच किंचाळली तर दुखतंय, तेव्हा हातातलं टाकून धावायचं. पहिल्या दोन्हींना सावकाश चालत गेलं तरी चालतं. म्हण."

मुलीने म्हटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात गोंधळ केला, परत म्हटलं. लेपाला डोळ्यांच्या खाली भेगा पडल्या होत्या. "मला हे माहीतच नव्हतं गं," ती म्हणाली. "मला वाटायचं ती नुसतीच रडते."

"नुसतं कोणी रडत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि तान्ही तिच्या झग्यात दिली. पेजर कमरेचा काढून जावयांच्या टॉवेलवर ठेवला. "जावईबापू, हा वाजला की अर्धा तास नसतो. लगेच जायचं."

सह्या झाल्या तेव्हा चार एकोणतीस झाले होते. हसऱ्या मुलीने कात्रीने पिवळा पट्टा कापला आणि निळा बांधला. चिमणीने तो वळवून वळवून पाहिला. "आजी, तू आता सुटलीस?"

"हो," सिस्टर म्हणाल्या.

मागून एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांच्या पिवळ्या पट्ट्यावर दोन ठिपके होते. "कितवं पान म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"चौतीस."

पुढच्या डेकवर पोचायला तीन लिफ्ट बदलाव्या लागल्या. दारात निळा पट्टा दाखवला, माणसाने वाकून आत सोडलं. 'कृपया शांतता राखा' अशी पाटी होती आणि ती पाळली जात होती, कारण निम्मे लोक डोळ्यांवर पट्ट्या बांधून झोपले होते. बाकीचे समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. अगदी पुढची एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर टॉवेल होता. सिस्टरनी घड्याळ लावून अर्धा तास होईपर्यंत वाट पाहिली असती, पण आज नाही. त्यांनी टॉवेल उचलून शेजारी ठेवला आणि बसल्या.

पाचला कडे आले. चित्रातल्यासारखे नव्हते. चित्रात आकाश निळं होतं, इथे राखाडी. कड्यांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ होते, ते छापताना कंपनीने बहुधा पुसले असावेत. आणि वास होता, ओला, खारट, कुबट. वारा इतका की डोळे उघडे ठेवणं कठीण. पण ते उंच होते, खरे होते आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ येत होते. सिस्टरनी पर्समधलं पान काढून मांडीवर उलगडलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ड्यूटीरूममध्ये ज्या ज्या मुलांसाठी त्या या पानासमोर उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या कित्येकांची नावं त्यांना अजून आठवत होती. त्या एकेक नाव मनात घेत गेल्या. डोळे वाहत होते, त्यांनी पुसले नाहीत.

मागे ध्वनिक्षेपक गोड आवाजात बोलू लागला. "खोली क्रमांक नऊशे सतरा येथील पालकांनी लक्ष द्यावे..." थोड्या वेळाने अकराशे दोनचे पालक. मग सातशे चाळीसचे. सिस्टरना हसू आलं.

तेवढ्यात खालून रडणं ऐकू आलं. वाऱ्यावरून, तेराव्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांकडून, पण ओळख पटायला एक क्षण पुरला. तान्ही. सिस्टरचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले, टाचा जमिनीवर टेकल्या, त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. आणि तशाच, अर्ध्या उठलेल्या, कान देऊन थांबल्या. रडणं चाललं होतं. थांबलं. कानोसा घेतला. परत सुरू झालं.

त्यांना अर्धवट उठलेलं पाहून डेकवरचा माणूस लगबगीने आला आणि अदबीने वाकला. "मॅडम, पाहुण्यांची तक्रार आहे. ते मूल आपलं आहे का?"

"माझी नात आहे," सिस्टर म्हणाल्या. "भूक लागलीय तिला. एकशे ऐंशी मिली. तिच्या आईला माहीत आहे."

"मग आपण खाली..."

"मी चार्ज दिलाय," सिस्टर म्हणाल्या आणि परत बसल्या.

दुसरा कडा आता अगदी जवळ आला होता. खालचं रडणं एकदा चढलं, मग मधेच तुटलं आणि बंद झालं. कोणीतरी पोचलं होतं. सिस्टरनी पाय लांब केले.